मशीनची साक्ष

अठ्ठेचाळीस साली कल्याणच्या पुढच्या लष्करी बराकींमध्ये सिंधी माणसं येऊन राहिली, तेव्हा त्यांना सगळ्यांत आधी लागलं ते सरपण. नवसू आगिवले तेव्हा बाविशीचा होता. बारवी नदीच्या अंगाला, बदलापूरहून पायी दोन तासांवर त्याची ठाकूरवाडी. तिथून तो दिवसाआड डोक्यावर मोळी घेऊन निघायचा आणि ऊन तापायच्या आत कॅम्पात पोचायचा. एका बराकीत टेकचंद नावाचा माणूस बायको आणि म्हाताऱ्या आईसह राहत होता. फाळणीआधी सिंधमधल्या शिकारपुरात त्याचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं, इथं नुसते हात उरले होते. पण नवसूने मोळी टाकली की तो आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा. त्याच्याशी बोलता बोलता नवसू मोडकीतोडकी हिंदी शिकला आणि टेकचंद त्याच्याकडून ‘बरा हाय’ म्हणायला शिकला.

पन्नास साली अंबरनाथला रंगाचा एक नवा कारखाना उभा राहिला. नवसू तिथं बदली कामगार म्हणून लागला. आठवडाभर तो तिथंच, कारखान्यामागच्या कुडाच्या खोपटात चार जणांबरोबर राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी वाडीवर भिकीकडे जायचा. भिकी त्याची बायको. तिने वरी-भाताचं शेत, दोन शेळ्या आणि सासू असा सगळा पसारा एकटीने पेलला होता.

कामाचं नवसूला कधी ओझं वाटलं नाही. ओझं होतं मुकादमाचं. हरिचंद्र मुकादम दर दोन महिन्यांनी ठरवायचा, कोण राहणार आणि कोण जाणार. ज्याला राहायचं असेल त्याने कोंबडी न्यायची, मधाचं पोळं न्यायचं, नाहीतर सुट्टीच्या दिवशी मुकादमाचं घर शाकारून द्यायचं. नवसू काही न्यायचा नाही. मुद्दाम नव्हे, त्याला ते सुचायचंच नाही. काम केलं ना, मग आणखी काय, एवढाच त्याचा हिशेब. म्हणून चार वर्षांत तो दोनदा घरी बसला आणि दोनदा, माणसं कमी पडली तेव्हा, परत बोलावला गेला.

चोपन्न साली कारखान्यात कार्डांची मशीन आली.

तिच्याबरोबर आला श्रीपाद करंदीकर, टाइम ऑफिसर. तिशीतला, उंच, बोलताना डोळे चमकणारा माणूस. बदलापूरला कुळगावात त्याचं घर. बायको उमा आणि वडील अण्णा, निवृत्त शाळामास्तर. मशीन सुरू व्हायच्या दिवशी त्याने सगळ्या कामगारांना पटांगणात बसवलं आणि एक कार्ड हातात धरून दाखवलं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. तो कधी आला, कधी नाही, रजा घेऊन नाही की न घेता नाही, याची त्यात भोकं पाडायची. मग कार्डांचा गठ्ठा मशीनला द्यायचा. मशीन भोकं चाचपते आणि सारखी-सारखी कार्डं वेगवेगळ्या खणांत टाकते. कोण नेमाने येतो आणि कोण दांड्या मारतो, ते आता माणूस ठरवणार नाही. श्रीपाद म्हणाला, हिला नातं नाही, गोत नाही, जात नाही, आणि हिला कोंबडी खाता येत नाही. पटांगण हसलं. हरिचंद्र मुकादम बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला.

नवसू त्या दिवशी भारावून गेला. वाडीवर जाऊन त्याने रविवारचा सगळा दिवस मशीन समजावून सांगण्यात घालवला. त्याचा चुलतभाऊ पदू लगेच तयार झाला आणि पुढच्याच महिन्यात कारखान्यात लागला. वाडीतला जाणता बारकू मात्र मान हलवत राहिला. ज्याला तोंड नाही त्याच्याशी भांडायचं कसं, असं तो म्हणाला. नवसू म्हणाला, भांडायची पाळीच येणार नाही.

आणि पहिल्या सहामाहीत तसंच झालं. मशीनने नेमाने येणाऱ्यांची यादी काढली. तिच्यात नवसू होता, आणि ज्यांच्या कोंबड्या मुकादमाने खाल्ल्या होत्या त्यांतले निम्मे नव्हते. नवसूचा विश्वास बसला तो असा, डोळ्यांनी बघून.

श्रीपादलाही हा माणूस आवडला. नवसू सुट्टीत त्याच्याकडे जाऊन मशीनबद्दल विचारायचा. वाडीच्या बोलीत अहो-जाहो नव्हतं, त्यामुळे साहेबालाही ‘तू’च. श्रीपादला त्याचं कौतुक वाटायचं. एकदा तो मुद्दाम वाडीवर आला, नदीचे मासे आणि नाचणीची भाकरी जेवला, आणि भिकीला म्हणाला की तुझ्या नवऱ्यासारखी माणसं पाहिली की आपण करतोय ते बरोबर आहे असं वाटतं.

पंचावन्नच्या मार्चात अण्णा हरवले.

म्हातारपणाने त्यांचं डोकं गेली दोन वर्षं साथ देत नव्हतं. शाळेत निघालो म्हणून ते घराबाहेर पडायचे आणि उमा त्यांना गल्लीच्या टोकावरून परत आणायची. त्या दुपारी तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगणातला एक जोडा नव्हता. कुणी म्हणालं, मास्तर डोंगराच्या बाजूने जाताना दिसले.

श्रीपाद दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकात नवसूला गाठायला उभा होता. रात्रभर तो गावातल्या लोकांबरोबर कंदील घेऊन फिरला होता. म्हणाला, “तू रान ओळखतोस. चल माझ्याबरोबर.”

नवसूने पाळीचं विचारलं.

“पाळीचं मी बघतो.”

तिथेच, पहारेकऱ्याच्या टेबलावर, त्याने स्वतःच्या हाताने नवसूच्या रजेचा अर्ज लिहिला, शाईची गादी मागवून त्यावर नवसूचा अंगठा घेतला आणि अर्ज आपल्या चामडी पिशवीत ठेवला.

तीन दिवस नवसू चंदेरीच्या डोंगराच्या पायथ्याचं रान उलटंपालटं करत होता. गावातली माणसं हाका मारत फिरायची. नवसू हाका मारत नव्हता, तो जमीन बघत होता. तिसऱ्या दिवशी एका आटलेल्या ओहोळाच्या वळणावर त्याला अण्णा सापडले. खडकातल्या डबक्यापाशी बसले होते, एका पायात जोडा, धोतराच्या सोग्यात मोहाची फुलं. तीच खाऊन ते जगले होते. त्यांनी नवसूकडे बघून विचारलं, गृहपाठ केलास का? नवसू हो म्हणाला आणि त्यांना पाठुंगळी घेऊन कुळगावपर्यंत चालला. दारात उमा रडत रडत खालीच बसली. श्रीपादने नवसूचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

जुलैत कारखान्याचा एक विभाग बंद झाला. चाळीस माणसं कमी करायची ठरली. नोटीस लागली: जानेवारी ते जून या काळात ज्यांचे बिनरजेचे दोनपेक्षा जास्त दिवस भरले असतील, ती नावं मशीन काढेल. नवसू निश्चिंत होता. लावणीचे दिवस असूनही तो एक पाळी चुकला नव्हता. शेतात भिकी आणि तिची भावजय चिखलात कंबर मोडून घेत होत्या.

यादी लागली. नवसूला वाचता येत नव्हतं. एका कारकुनाने बोट ठेवून दाखवलं. सतरावं नाव त्याचं होतं. पंचविसावं पदूचं.

पदू मुकाट्याने खोपटात येऊन आपलं घोंगडं गुंडाळू लागला. म्हणाला, माझं बरोबरच आहे, मी जूनमध्ये पाच दिवस पेरणीला पळालो होतो. तुझं कसं रे झालं? शनिवारी वाडीवर बारकूला कळलं, तेव्हा तो चिडवायच्या सुरात नव्हे, अगदी गंभीरपणे म्हणाला, “मुकादमाला कोंबडी तरी देता यायची. या मशीनला काय देशील?”

सोमवारी नवसू थेट मशीनच्या खोलीत गेला. तिथं श्यामकांत नावाचा ऑपरेटर होता, ठाण्याचा, भला माणूस. नवसूने त्याला एकच विनवणी केली की माझं कार्ड एकदा मला दाखव. श्यामकांतने गठ्ठ्यातून कार्ड काढलं आणि उजेडासमोर धरलं. तीन भोकं एका ओळीत होती. हे तीन दिवस तू नव्हतास, तो म्हणाला. नवसू म्हणाला, नव्हतोच. श्यामकांतने त्याच्या खालची जागा दाखवली. रजा मंजूर असती तर इथं भोकं पडली असती, ती नाहीत, अर्ज आलाच नाही.

नवसूने कार्डावर बोट ठेवलं. “आणि मी का नव्हतो, ते कुठं हाय?”

श्यामकांतने कार्ड खाली घेतलं. यात ऐंशी रकाने आहेत, तो म्हणाला, पण ‘का’चा रकाना ठेवलेला नाही. ठेवला असता तरी त्यात काय लिहायचं ते कुणा माणसालाच ठरवावं लागलं असतं. मशीन विचारत नाही. विचारायचं असतं हेही तिला ठाऊक नसतं.

तेवढ्यात श्रीपाद आत आला. नवसूला बघून तो दारातच थांबला, मग श्यामकांतला त्याने काहीतरी निमित्त सांगून बाहेर पाठवलं. नवसूला वाटलं, आता सुटलं. गैरसमज झाला असेल, साहेब गडबडीत विसरला असेल. तो अगदी सहज म्हणाला की ते तीन दिवस मी तुझ्या बापाला शोधत होतो, सांग त्यांना.

श्रीपाद खुर्चीवर बसला. तो हळू आवाजात, समजावण्याच्या सुरात बोलत होता. म्हणाला, यादी मुंबईच्या मुख्य कचेरीत गेली आहे. आज मी एक कार्ड हाताने बदललं तर उद्या मुकादम दहा बदलेल. माझ्या ओळखीचा माणूस म्हणून मी तुला वाचवलं, तर या मशीनचा उपयोग काय राहिला? तूच सांगायचास ना सगळ्यांना, की ही कुणाला ओळखत नाही?

नवसूला यातलं अर्धं पटलं, आणि तेच त्याला लागलं. हे शब्द त्याचेच होते. तो टेबलाजवळ सरकला. मग म्हणाला, “मी तुझ्या ओळखीचा हाय म्हणून नको सांगू. खरं हाय म्हणून सांग.”

श्रीपाद कागद चाळू लागला. नवसू बाहेर आला तेव्हाही त्याच्या मनात साहेबाबद्दल राग नव्हता. अर्ज कुठंतरी गहाळ झाला असणार, आणि कागदाशिवाय साहेब तरी काय करील, असंच तो स्वतःला सांगत होता.

तो कुळगावला गेला, अण्णांना बघायला म्हणून. अण्णा ओटीवर बसले होते, त्यांनी त्याला ओळखलं नाही. उमाने त्याला बसायला पाट दिला आणि विचारलं, “यादीत तुमचं नाव आलं का हो?” तिला हे कसं ठाऊक, असं नवसूच्या मनात आलं. ती आत गेली आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आली. खाली निळा अंगठा होता, त्याचा.

मग तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. यादी लागायच्या पंधरा दिवस आधी पिशवी पुसताना तिला हा कागद अस्तराच्या फाटक्या शिवणीत सापडला. तिने तो नवऱ्यासमोर ठेवला. तो देतो म्हणाला. दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, तेव्हा तो चिडला. सहामाहीची कार्डं तपासून झाली होती आणि आठशे कार्डांत एकही चूक नाही असं त्याने मुंबईला लिहून कळवलं होतं. आता अर्ज दिला तर चूक त्याचीच निघत होती. फार तर एक जण जाईल, त्याला दुसरीकडे चिकटवून देऊ, असं तो म्हणाला. उमाने कागद नवसूपुढे धरला. म्हणाली, “तो एक जण म्हणजे तुम्ही, हे त्यांना माहीत होतं. मला तेवढंच सांगायचं होतं.”

नवसूने कागद घेतला. भिकीने नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला की त्या घरातून निघताना पायाखालचा रस्ता लागत नव्हता. मुकादमाने त्याला दोनदा घालवलं होतं, पण मुकादमाने त्याचे हात कधी हातात घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मॅनेजरपुढे उभा राहिला. मॅनेजर परप्रांतातला, वयस्कर, थंड डोक्याचा माणूस होता. त्याने कागद वाचून घेतला आणि श्रीपादला बोलावलं. हा अर्ज तुमच्या अक्षरातला दिसतो. तुम्ही या माणसाला रजा दिली होती का? मार्चातल्या त्या तीन दिवसांत हा तुमच्या कामावर होता का?

श्रीपादचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने कागदाकडे पाहिलं, नवसूकडे पाहिलं नाही.

“आठवत नाही, सर,” तो म्हणाला.

मॅनेजरने कागद उलटून पाहिला. मग तो म्हणाला की अर्जावर मंजुरीची सही नाही, तारीख मागाहूनही घालता येते. मशीन रजा दाखवत नाही. माणूस एक वेळ खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल? नवसूला बाहेर जायला सांगण्यात आलं. कागद टेबलावरच राहिला.

पटांगणात श्यामकांतने त्याला गाठलं आणि तंबाखू पुढे केली. मशीनला शिव्या घालाव्यात असं नवसूला त्या क्षणी फार वाटत होतं, पण घालता येईनात. ती बिचारी खोटं बोललीच नव्हती. तिला जेवढं सांगितलं तेवढं तिने सांगितलं. ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याने तिला पुढे केलं होतं आणि स्वतः तिच्या मागे जाऊन उभा राहिला होता. श्यामकांत म्हणाला, मला हे कळलं असतं तर मी कार्ड थांबवलं असतं. नवसूने त्याच्याकडे बघून मान हलवली. थांबवलं असतं की नसतं, हे श्यामकांतलाही नक्की ठाऊक नव्हतं, आणि तो पुढे दोन वर्षं त्याच खोलीत त्याच मशीनवर काम करत राहिला.

नवसू चार महिने वाडीवर बसून होता. वाडीवाले त्याला काही बोलले नाहीत, पण पूर्वी कुणाचा काही वाद असला की लोक त्याला विचारायला यायचे, ते यायचे बंद झाले. ज्याची पारख एवढी चुकली त्याला काय विचारायचं? हे त्याला नोकरी गेल्यापेक्षा जास्त झोंबलं. एके दिवशी तो उल्हासनगरला, म्हणजे त्याच जुन्या बराकींच्या गावात, चार नंबर कॅम्पात गेला. टेकचंदने तिथं आता पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना काढला होता, आठ-दहा माणसं ठोकाठोकी करत होती. टेकचंदने त्याला ओळखलं, तांब्या पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “साईं, मेरे यहाँ मशीन नहीं है। गलती हुई तो मुझसे लड़ना।” नवसू दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला. पत्रा कापायचा, कडा वाकवायच्या, कडी-कोयंडे ठोकायचे. टेकचंद तापट होता. दोघांची भांडणं व्हायची, मोठ्याने व्हायची, आणि चहाच्या वेळेला मिटायची.

अठ्ठावन्नच्या दिवाळीआधी श्रीपाद तिथं आला. नवसू पत्रा ठोकत होता. श्रीपाद वाळला होता. म्हणाला, मुंबईला बदली झाली आहे. अण्णा गेल्या वर्षी गेले. उमा आपल्याशी कामापुरतंच बोलते. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “त्या दिवशी मला आठवत होतं, नवसू.”

नवसूने हातोडा खाली ठेवला. हे त्याला ठाऊकच होतं. श्रीपादने विचारलं, मी काय करू म्हणजे तुझं समाधान होईल? दुसरी नोकरी बघू का? नवसू म्हणाला, नोकरी आहे. तू मॅनेजरला सांग. श्रीपाद म्हणाला, तो मॅनेजर आता नाही, नव्याला यातलं काही ठाऊक नाही.

नवसूने विचार केला. “मंग वाडीवर ये. बारकूपुढं, पदूपुढं एवढंच सांग. मी त्यांना तुझं नाव घेऊन मशीनचं सांगितलं होतं.”

श्रीपाद हो म्हणाला. येत्या रविवारी सकाळी येतो म्हणाला, आणि जाताना पुन्हा एकदा वळून म्हणाला, नक्की येतो.

रविवारी भिकीने तांदळाची भाकरी केली, खेकड्यांचं कालवण केलं. तिने अंगणही दोनदा सारवलं होतं. बारकू आणि पदू येऊन बसले. पदूने आपल्या शेतातल्या काकड्या आणल्या होत्या. सकाळ चढत गेली. कुळगावच्या वाटेवर दोनदा माणसं दिसली. एकदा गुराखी होते, एकदा बाजारहून येणाऱ्या बाया. बारकूने तीन विड्या ओढल्या. ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं तो म्हणेल म्हणून नवसू कधीचा वाट बघत होता, पण बारकू तसं म्हणाला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो उठला, नवसूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, भात पिकलंय, पाखरं लागतील, आज आपण चौघं आहोत, तुझं शेत आधी घेऊ.

भिकीने सगळ्यांना वाढलं. जेवून ते चौघे विळे घेऊन शेतात उतरले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी निम्मं भात कापलं.